एसईओ कसे बदलत गेले: शब्द, लिंक, अर्थ आणि आता एआय

पानातला मजकूर चांगला आहे की टाकाऊ, हे सर्च इंजिनला माणसासारखे वाचून ठरवता येत नाही. म्हणून ते खुणा बघते. शोधलेला शब्द पानात कुठे आहे, इतर किती साइट्स या पानाची लिंक देतात, पान उघडल्यावर वाचक थांबतो की लगेच मागे फिरतो, अशा शेकडो खुणा. या खुणा आपल्या पानावर नीट उमटाव्यात म्हणून केलेली कामे म्हणजे एसईओ, अर्थात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. गेल्या तीस वर्षांत एकच चक्र फिरत आले आहे: एखाद्या खुणेची नक्कल करणे स्वस्त झाले की सर्च इंजिन तिचे वजन कमी करते आणि नक्कल करायला महाग अशी दुसरी खूण शोधते. हे लक्षात ठेवले की पांडा, पेंग्विन, हमिंगबर्ड ही गुगलच्या अपडेट्सची सगळी जत्रा पाठ करायची गरज उरत नाही.

शब्द मोजण्याचे दिवस

१९९४ मध्ये सुरू झालेले याहू हे सर्च इंजिन नव्हतेच. ती माणसांनी वर्गवारी करून लावलेली साइट्सची यादी होती. यादी वर्णानुक्रमाने लागायची, त्यामुळे कंपनीचे नाव 'ए'ने किंवा एखाद्या आकड्याने सुरू करायचे ही तेव्हाची युक्ती. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आले. त्याने पानांतला पूर्ण मजकूर साठवला आणि शोधलेला शब्द कुठे, किती वेळा येतो त्यावरून क्रम लावला. त्याशिवाय पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी 'मेटा कीवर्ड्स' ही ओळ असायची. पान कशाबद्दल आहे ते साइटवाल्याने तिथे स्वतःच लिहायचे.

स्वतःच्या हाताने स्वतःला प्रमाणपत्र द्यायची सोय म्हटल्यावर व्हायचे तेच झाले. एकच शब्द शंभरदा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, पानाच्या तळाशी. वाचकाला दिसत नाही, यंत्राला दिसते. खर्च शून्य. मेटा कीवर्ड्सची ओळ रँकिंगसाठी आपण वापरत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघड सांगितले. प्रत्यक्षात ती खूण त्याच्या बरीच आधी निकामी झाली होती. आजही कोणी एसईओ पॅकेजमध्ये 'मेटा कीवर्ड्स भरून देतो' असे लिहिले असेल, तर उरलेले पॅकेज वाचण्यात वेळ घालवू नका. त्याच काळातला 'टायटल टॅग', म्हणजे निकालात दिसणारे पानाचे शीर्षक, मात्र अजून कामाचा आहे. 'मेटा डिस्क्रिप्शन'ने क्रम बदलत नाही. निकालाखाली दिसणारा मजकूर म्हणून तो वापरला जातो, आणि तोही गुगल अनेकदा बदलून टाकते.

लिंकचे राज्य

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ मध्ये जे मांडले, त्याचा गाभा असा: पान स्वतःबद्दल काय म्हणते ते बाजूला ठेवा, इतर पाने त्याची लिंक देतात का ते बघा. आणि लिंक देणाऱ्या पानाला स्वतःला किती लिंक मिळाल्या आहेत त्यावर त्या लिंकचे वजन ठरवा. याचे नाव पेजरँक.

हिशेब डोक्यात बसवण्यासाठी कंटाळलेला वाचक डोळ्यांसमोर आणा. तो पानावरची कुठलीही एक लिंक दाबतो, पुढच्या पानावरची पुन्हा कुठलीही एक. मूळ निबंधात सहसा घेतलेला आकडा ०.८५ आहे, म्हणजे दर पायरीला तो ८५ टक्के शक्यतेने लिंक दाबतो आणि १५ टक्के शक्यतेने सगळे सोडून भलत्याच पानावर उडी मारतो. असा अनंत काळ भटकल्यावर तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल त्याचा पेजरँक जास्त. पानावर चार लिंक असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला त्या पानाच्या वजनाचा चौथा हिस्सा. चारशे असतील तर चारशेवा. केवळ लिंकांनी भरलेल्या पानावरून मिळालेली लिंक जवळपास निरुपयोगी का असते, ते इथेच कळते.

त्याशिवाय लिंकवरचे शब्दही मोजले जात. २००३ मध्ये असंख्य लोकांनी 'दारुण अपयश' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसमधल्या परिचयपानाची लिंक दिली, आणि ते शब्द शोधले की पहिले तेच पान येऊ लागले. पानात ते शब्द कुठेही नव्हते. या प्रकाराला 'गुगल बाँब' म्हणत. तो निकामी करणारा बदल जानेवारी २००७ मध्ये आला.

खरा घोटाळा गुगलच्याच एका सोयीने झाला. डिसेंबर २००० मध्ये ब्राउझरला जोडायच्या त्यांच्या टूलबारवर प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० अशा आकड्यात हिरव्या पट्टीने दिसू लागला. आकडा दिसला की भाव ठरतो. 'पेजरँक ६ च्या साइटवरची लिंक, दरमहा इतके डॉलर' असा बाजार उभा राहिला. कुणाच्याही ब्लॉगवर प्रतिक्रियेत लिंक चिकटवणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, आले, म्हणून जानेवारी २००५ मध्ये 'नोफॉलो' हा शेरा निघाला. तो लावलेली लिंक मोजायची नाही, असे ठरले. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलने काही काळ यादीतून काढून टाकली, कारण सर्च इंजिनसाठी एक पान आणि वाचकासाठी दुसरेच, असा प्रकार सापडला. २०११ च्या फेब्रुवारीत जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी पेरलेल्या हजारो लिंक्स न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या. मोठमोठी नावेही या खेळात होती, हे तेव्हा सगळ्यांना कळले. हिरवी पट्टी २०१६ मध्ये बंद झाली. लिंकचा बाजार काही बंद झाला नाही.

२४ एप्रिल २०१२ च्या पेंग्विनने नियमच फिरवला. तोवर खोटी लिंक फार तर वाया जायची. आता ती साइटला खाली ओढू लागली. गुगलच्या सांगण्यानुसार इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्के शोधांवर परिणाम झाला. ज्यांनी पैसे देऊन लिंक लावून घेतल्या होत्या तेच आता त्या काढून टाकण्यासाठी विनवण्या करू लागले. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'या लिंक माझ्या हिशेबात धरू नका' असे कळवण्याची 'डिसअव्हाउ' सोय आली. पण पेंग्विन तेव्हा अधूनमधूनच चालवला जाई. ऑक्टोबर २०१४ ची फेरी झाल्यावर पुढची सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, म्हणजे चूक सुधारूनही काही साइट्स जवळजवळ दोन वर्षे तळाशीच राहिल्या. २०१६ पासून तो मुख्य यंत्रणेत सतत चालू आहे, आणि खोट्या लिंकबद्दल शिक्षा करण्यापेक्षा ती न मोजण्याकडे त्याचा कल आहे.

यातून आजचे दोन व्यावहारिक निष्कर्ष. कुठून तरी आपोआप आलेल्या कचरा लिंक्स दिसल्या तर घाबरू नका. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गुगलचे मोफत साधन) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन'ची, म्हणजे गुगलच्या माणसाने लावलेल्या शिक्षेची, सूचना आलेली नसेल, आणि तुमच्याच लोकांनी पूर्वी लिंक विकत घेतलेल्या नसतील, तर डिसअव्हाउच्या वाटेला जाऊ नका. चांगल्या लिंकही त्यात कापल्या जातात. आणि 'महिन्याला ५०० बॅकलिंक' विकणारा माणूस बहुधा ज्या लिंक मोजल्याच जात नाहीत त्यांचे पैसे घेतो.

मजकुराची गिरणी

लिंकचा बाजार चालू असतानाच मजकूरही स्वस्त झाला. लोक काय शोधतात याच्या याद्या काढून प्रत्येक ओळीसाठी तीनशे शब्दांचे पान लिहून घ्यायचे, असे कारखानेच निघाले. फेब्रुवारी २०११ चा पांडा त्यांच्यासाठी होता. नाव प्राण्यावरून नाही, नवनीत पांडा या अभियंत्यावरून. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. पांडा एकेका पानापुरता थांबत नसे. साइटवर पोकळ पाने बरीच असतील तर बरी पानेही त्यांच्यासोबत खाली जात. ही गोष्ट आजही टिकून आहे. 'पुण्यातील प्लंबर', 'प्लंबर पुणे', 'पुण्यात स्वस्त प्लंबर' अशी तीन पाने केलीत तर ती एकमेकांशीच भांडतात. एक पान करा, उरलेल्या दोन्हींवरून कायमचे रीडायरेक्ट त्याकडे द्या, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी वाचक नव्या पानावर पोचतो.

शब्दाकडून अर्थाकडे

२०१२ चा नॉलेज ग्राफ, २०१३ चा हमिंगबर्ड, २०१५ मध्ये जाहीर झालेला रँकब्रेन: ही सगळी एकाच वाटेवरची स्थानके, फार थांबायला नको. त्यानंतरचा बर्ट हा भाषा समजून घेणारा एआय मॉडेल मात्र समजून घेण्यासारखा आहे.

'मुंबईहून पुण्याला बस' आणि 'पुण्याहून मुंबईला बस'. जुनी पद्धत प्रत्यय झटकून मूळ शब्द मोजायची, त्यामुळे दोन्हींत तीच तीन नावे उरतात. सगळा अर्थ प्रत्ययांत आहे. बर्ट प्रत्येक शब्द त्याच्या मागच्या-पुढच्या शब्दांसकट वाचतो, म्हणून कुठून आणि कुठे हे त्याला कळू शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो इंग्रजीत लागला, डिसेंबरमध्ये सत्तरहून अधिक भाषांत, मराठी धरून. त्या दिवसापासून 'पानात कीवर्ड इतके टक्के हवा' हा सल्ला कालबाह्य आहे. लोक नैसर्गिकपणे विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर नैसर्गिक मराठीत, शक्यतो पानाच्या वरच्याच भागात, एवढेच पुरते.

मराठी पानांचा जुना भोग

इंग्रजी साइट्स लिंकच्या भानगडीत होत्या त्या काळात बहुतेक मराठी साइट्स सर्च इंजिनला दिसतच नव्हत्या. २००० च्या आसपास मराठी पाने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क्वचितच असत. पानात प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असायची. खास फाँट चढला की तीच देवनागरी दिसायची. वाचक बातमी वाचत होता, सर्च इंजिनसमोर मात्र निरर्थक अक्षरांची रांग. त्यात प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी, त्यामुळे एका साइटवरचा 'पाऊस' दुसऱ्या साइटवरच्या 'पाऊस'शी जुळत नसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये मंगल फाँटही आला, तरी साइट्स बदलायला बराच काळ गेला. ज्यांनी जुना साठा रूपांतरित केला नाही, त्यांचे त्या वर्षांतले लेखन शोधापुरते नसल्यात जमा आहे.

हा भोग पुरता संपलेला नाही. जुन्या फाँटमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफ आजही साइटवर चढवल्या जातात. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटले तर ठीक. भलतीच अक्षरे आली तर सर्च इंजिनलाही तेच दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून पानावरच टाका, पीडीएफ हवी तर सोबत ठेवा.

दुसरी गुंतागुंत अर्ध्या र ची. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दिसायला तंतोतंत सारखे. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्रणेला दोन वेगळे शब्द. साइटच्या स्वतःच्या शोधपेटीत हा घोळ होतो आणि वाचक 'सापडत नाही' म्हणून निघून जातो. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकाच रूपात बदलून घ्यावीत.

पानाच्या पत्त्यात देवनागरी चालते का? गुगलला चालते. फक्त पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात, म्हणजे 'मराठी' या पाच चिन्हांच्या शब्दाची पंचेचाळीस. व्हॉट्सअ‍ॅपवर ते भयानक दिसते. नवी साइट असेल तर रोमन लिपीतला छोटा पत्ता ठेवा. जुने पत्ते मात्र एवढ्यासाठी बदलू नका, नुकसान जास्त.

तांत्रिक बाजू: कुठे मोडते

मोबाइलला अनुकूल पानांना झुकते माप २१ एप्रिल २०१५ पासून. पुढे गुगलने साइटची मोबाइलवरची आवृत्तीच मुख्य धरायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे सांगितले. मोबाइलवर जागा वाचवायला तुम्ही जो मजकूर काढून टाकलात, तो गुगलच्या दृष्टीने नाहीच. वेगासाठी तीन मापे आहेत: पानातला सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि मजकूर उड्या मारण्याचे माप ०.१ च्या आत असावे. तेही चारपैकी तीन भेटींत. ही मोजणी क्रोम वापरणाऱ्यांच्या मागच्या २८ दिवसांच्या माहितीवर होते, म्हणून आज दुरुस्ती केली तर उद्या आकडा हलत नाही. वेगाने क्रम फारसा चढत नाही, पण हळू पान वाचक सोडून जातो, ते नुकसान मोठे.

यापेक्षा वारंवार दिसणाऱ्या चुका वेगळ्याच असतात. नवी साइट तयार होत असताना सर्च इंजिनने आत येऊ नये म्हणून रोबॉट्स फाइलमध्ये (बॉटने साइटवर कुठे जायचे ते सांगणारी फाइल) सगळे बंद केलेले असते, आणि साइट सुरू झाल्यावर ती ओळ काढायची राहून जाते. दुसरी चूक याहून फसवी: एखादे पान निकालांतून काढायचे म्हणून त्यावर 'नोइंडेक्स' (निकालांत दाखवू नका) ही पाटी लावायची आणि त्याच वेळी रोबॉट्स फाइलमध्येही ते अडवायचे. बॉटला आत येऊच दिले नाही तर नोइंडेक्सची पाटी तो वाचणार कशी? पत्ता निकालांत तसाच राहतो. आधी दार उघडे ठेवा, पान निघून जाऊ द्या, मग हवे तर अडवा.

साइटचा पत्ता किंवा रचना बदलताना प्रत्येक जुन्या पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट द्या आणि ते किमान वर्षभर ठेवा. कामचुकारपणे सगळी जुनी पाने मुखपृष्ठाकडे वळवली तर गुगल ती 'पान सापडत नाही' याच खात्यात टाकते. आणि बटण दाबल्यावर सर्व्हरकडून येणारा मजकूर गुगलला मिळत नाही. त्याचा बॉट बटणे दाबत नाही. सर्च कन्सोलमधल्या 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये गुगलला मिळालेले कोड दिसते. आपल्या लेखातले एक वाक्य त्यात शोधून बघा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि महागड्या ऑडिटच्या आधी करावे असे आहे.

मजकूरच फुकट झाल्यावर

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि बऱ्यापैकी वाचनीय मजकूर जवळजवळ फुकट झाला. एवढ्या मोठ्या खुणेची किंमत यापूर्वी कधी घसरली नव्हती. गुगलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हेल्पफुल कंटेंट' बदल आणला होता. मार्च २०२४ मध्ये तो मुख्य यंत्रणेत मिसळला. त्याच वेळी घाऊक प्रमाणात पाने पाडणे, मुदत संपलेली नावाजलेली डोमेन विकत घेऊन त्यांवर भलतेच छापणे, आणि मोठ्या साइट्सनी आपल्या नावाखालचा कोपरा कूपनवाल्यांना भाड्याने देणे, या तिन्हींवर बंदी घातली. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, यावर नियम अडत नाही. निव्वळ रँकिंगसाठी, नवे काही न सांगता, ढिगाने लिहिला का, यावर अडतो.

मग आता नक्कल करायला महाग काय उरले? वाचक खरोखर काय करतो ते. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गुगलचे अधिकारी पांडू नायक यांच्या साक्षीतून 'नॅव्हबूस्ट' या यंत्रणेची माहिती बाहेर आली. ती मागच्या १३ महिन्यांतले क्लिक वापरते. शिवाय नाव घेऊन शोधली जाणारी साइट, आणि दुसरीकडे नसलेली माहिती: स्वतः काढलेले फोटो, मोजलेले आकडे, आजचे दर, जागेवर जाऊन केलेली तपासणी. गुगलच्या दर्जा-तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'प्रत्यक्ष अनुभव' हा निकष वाढवला गेला, तोही याच दिशेने. दुकानदारासाठी हे आणखी सोपे: गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये व्यवसायाचा प्रकार अचूक निवडा, नकाशावरची खूण दारावर आणा, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांच्या वेळा बदला. आसपासच्या शोधात यांचे वजन कुठल्याही ब्लॉगपेक्षा जास्त.

एआय ओव्हरव्ह्यूज, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेले उत्तर, मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आले. उत्तर वरच मिळाले की खालच्या लिंकवर क्लिक कमी. 'एआयसाठी वेगळा एसईओ' विकणारे लगेच उगवले, पण गुगलच्या म्हणण्याप्रमाणे त्यासाठी कुठलाही वेगळा टॅग किंवा फाइल लागत नाही. एक गैरसमज मात्र महागात पडतो: रोबॉट्स फाइलमध्ये 'गुगल-एक्स्टेंडेड' अडवले म्हणजे आपण ओव्हरव्ह्यूमधून बाहेर पडलो, असे नाही. ती ओळ जेमिनीसारख्या मॉडेलांसाठी आहे. ओव्हरव्ह्यूमधून मजकूर रोखायचा तर 'नोस्निपेट' लागते, आणि त्याने साध्या निकालाखालचा उताराही जातो.

ट्रॅफिक पडले तर आधी कारण वेगळे करा. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती असते. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करा, म्हणजे सणासुदीचा फरक निघून जातो. इंप्रेशन्स (निकालांत पान किती वेळा दिसले) आणि क्रमांक जागेवर आहेत पण क्लिक घटले, तर निकालपानाचे रूप बदलले आहे. पानात फेरफार करून फारसे काही हाती लागणार नाही. क्रमांकच घसरला तर कुठल्या पानांचा ते बघा. गुगलचा मोठा अपडेट चालू असेल तर तो संपून आठवडा जाईपर्यंत काही बदलू नका, आणि मग अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा. नुसती इंप्रेशन्स कोसळली, सरासरी क्रमांक उलट सुधारला आणि क्लिक तेवढेच राहिले, तर तारीख बघा: सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल मागण्याची सोय बंद केली, आणि रँक तपासणाऱ्या बॉटमुळे खोल पानांवर मोजली जाणारी इंप्रेशन्स बऱ्याच साइट्सच्या आकड्यांतून गळून पडली.